वरच्या बरडाची राखण

हिरालालला कोणी विचारलं, शेट, तुमच्या खोव्यात असं घालता तरी काय हो, की तो दोन्ही हात वर करून दाखवायचा. "हे घालतो," म्हणायचा. म्हणजे सगळी हाताची करामत! ऐकणारा बिचारा मान डोलवायचा. आर्वीचा हलवाई तर एस.टी.च्या टपावरून टोपली खाली यायच्या आधीच विचारायचा, "चिंचझरीचा आहे ना?" चिंचझरीचा म्हटला की टोपली सरळ आत. बोटावर मळून पाहणं नाही की वास घेणं नाही. रोहण्याच्या पुढं अडीच कोसांवरचं हे एवढंसं गाव, गाडी दिवसातून दोनदा यायची, पण खोव्यानं त्याचं नाव तालुक्यात झालं होतं. हिरालालला वाटे, ते नाव आपण आणि आपल्या बापानं कढईत सराटा फिरवून फिरवून मिळवलं.

कसलं काय! कढईत नुसतं दूध आटतं. खोवा व्हायचा तो बरडावर.

गावाच्या वरच्या अंगाला तीनशे एकर सरकारी बरड होतं. कागदावर ई-क्लास, म्हणजे गावच्या ढोरांसाठी ठेवलेली चराईची जमीन. कोणाच्या नावाची नाही, कोणाच्या बापाची नाही. खाली काळा फत्तर, वर वीतभर मुरूम, त्यात पळस, नाल्याच्या काठानं शिंदी, आणि बाकी सगळं पवन्या गवत. बाहेरचा माणूस बघायचा आणि म्हणायचा, इथं काय आहे? इथं गावच्या दीडशे गवळाऊ गाई चरायच्या, आणि पवन्या खाल्लेल्या गाईचं दूध असं घट्ट यायचं की कढईला चिकटायच्या आत त्याचा गोळा व्हायचा. हिरालालच्या भट्टीचं सरपणही तिथलंच आणि खोवा बांधायची पळसाची पानंही तिथलीच. सुलोचनाबाई त्याच पळसाच्या पत्रावळी नि दोने लावून पंचक्रोशीतल्या लग्नांना पुरवायची. डोमाजी शिंदीचे झाडायचे फडे बांधून रोहण्याच्या बाजारात बसायचा. बाजारात चिंचझरीची पाच-सहा दुकानं लागत आणि सगळ्यांचा माल एकाच जागेवरून येई. पण फुकट मिळालेल्या वस्तूची आठवण ठेवतं कोण? सगळ्यांनाच आपापल्या हातांचं कौतुक.

या बरडाचा एक नेम होता. रोहिणी नक्षत्र लागलं की बरडाचा वरचा अर्धा भाग बंद. पाऊसभर ढोरं खालच्या भागात. मध्ये चार धोंडे उभे केलेले होते, शेंदूर फासलेले. दरसाल त्यांना पळसाची डहाळी बांधायची आणि मग दिवाळीच्या गायगोधनापर्यंत एक खूर धोंड्यांच्या वर जाता कामा नये. याला गाव राखण म्हणे. पावसात वरचं गवत मोकळं वाढायचं, फुलायचं, बी धरायचं आणि झडायचं. गायगोधनाच्या दिवशी गाई सजवून, वाजतगाजत वर न्यायच्या. मग होळीपर्यंत चंगळ. राखण मोडणाऱ्याला गाव सोडत नसे. हिरालालच्याच बापाची गाय एकदा वर गेली होती, तर त्या मानी माणसानं भरलेली कढई खोवा मारुतीच्या पारावर बसून अख्ख्या गावाला वाटला होता. हिरालाल तेव्हा सात-आठ वर्षांचा. बापाचा उतरलेला चेहरा त्याला जन्मभर आठवत राहिला. तेव्हा राखण म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

राखण सांभाळायचा ढोरकी तानबा. सगळ्या गावची ढोरं तो चारायचा आणि बदल्यात घरोघरची भाकर घ्यायचा. त्याला ढोरं हाकावी लागत नसत. तो पुढं चालायचा आणि दीडशे ढोरं मागं. नदीत उतरला तर नदीत, रस्ता ओलांडला तर रस्त्यात. हिरालाल आणि तो एका वर्गात होते. दुसरीनंतर तानबा ढोरांमागं गेला आणि हिरालाल कढईमागं. चारचौघांत तानबा त्याला शेट म्हणायचा, आणि दोघंच असले की हिरा. रोज सकाळी ढोरं गावाबाहेर आखरावर जमली की तो दुकानाच्या मागच्या दारी यायचा आणि हिरालाल कढईची खरवड पळसाच्या पानावर काढून त्याला द्यायचा. कढईच्या बुडाची ती लालसर, खमंग खरवड हिरालालनं स्वतःच्या पोरीलाही कधी आधी दिली नाही. "खरवड तान्याची," म्हणायचा.

एकोणऐंशी साली पोळा झाला आणि चार दिवसांनी सरपंच वासुदेवराव दुकानात येऊन बसला. हा वासुदेवराव म्हणजे गोड बोलून गळ्यात हात टाकणारा माणूस. चहा घेतला, पेढा तोंडात टाकला, आणि म्हणाला, "हिरालाल, गावाचं नशीब उघडून राह्यलं बावा."

"काय झालं?"

"नागपूरचा ठेकेदार येते. वरच्या बरडावर गिट्टीची खदान अन् क्रेशर मशीन. शंभर मजूर. दहा-वीस ट्रक रोज. ठराव तं पंचायतीनं केला, आता साहेब येऊन जागा पाह्यतेत, पंचनामा करतेत, बस."

"पण बरड तं ढोराचं आहे, वासुदेवराव."

"खालचं राहीनच ना ढोराले! वर काय आहे? फत्तर." वासुदेवराव जवळ सरकला. "शंभर मजूर चहा कुठी पितीन? नाश्ता कुठी करतीन? ठेकेदाराले मी सांगून टाकलं, क्यांटीन आमच्या हिरालालचं. तू फक्त पंच म्हणून सही करजो. तुयी सही म्हंजे वजन. दुधाचा माणूस आहेस, ढोराचं तुले समजते."

इथं हिरालालची अक्कल गहाण पडली. शंभर मजूर, दोन वेळचा चहा, भजी, ट्रकवाल्यांची गर्दी. त्याला दुकानासमोर बाकं मांडलेली दिसू लागली. वरचं बरड म्हणजे अर्धं वर्ष त्याच्या कढईतलं दूध, हे त्या घटकेला त्याला दिसलंच नाही, किंवा दिसलं आणि त्यानं मान फिरवली. मला विचाराल तर दिसलं आणि मान फिरवली, हेच खरं.

त्याची बायको कौशल्याबाई आत दूध गाळत होती. ती बाहेर आली ती पदराला हात पुसत.

"अन् दूध कुठून येईन?" तिनं विचारलं.

"ढोरं काय मरून राह्यली का? खाली चरतीन."

"खालचं गवत दिवाळीपर्यंत सरते. मंग काय गिट्टी खातीन?"

"तुले धंद्यातलं काय समजते!" हिरालाल तडकला. बाईनं बरोबर नस पकडली की पुरुष असाच तडकतो. "तानबाले विचारलं का तुमी?" तिनं जाता जाता विचारलं. तानबाला कोणीच विचारलं नव्हतं. ग्रामसभा भरायची भर दुपारी, आणि भर दुपारी तानबा ढोरांत.

साहेब आले ते भादव्यात. महसुलाचे आर.आय. साहेब, पटवारी, वासुदेवराव, आणि पंच म्हणून हिरालाल. वरच्या बरडावर गवत कमरेला लागत होतं. वारा सुटला की सगळी टेकडी एका अंगाला लवायची. साहेबांनी पँट वर खोचली, काटे लागले म्हणून तोंड वाकडं केलं आणि चारी बाजूंना पाहिलं. ढोर म्हणून एक नाही. कुठून असणार? राखण होती ना! शंभर वर्षं ज्या गावानं भादव्यात इथं खूर पडू दिला नाही, त्या गावाच्या बरडावर साहेब भादव्यात ढोरं शोधत होते.

खाली धोंड्यांच्या पलीकडं तानबानं ही मंडळी पाहिली. तो धोंड्यापाशी येऊन थांबला आणि हात हलवून ओरडला, "शेट! ओ शेट! काय पाह्यतेत लोकं?"

वाऱ्यानं अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. तो वर येईना. येणार कसा? तो धोंड्यांच्या वर एक पाऊल टाकता तर मागून दीडशे ढोरं वर आली असती आणि राखण मोडली असती. त्याच्या मागं गाई माना वर करून उभ्याच होत्या, हा चालतो कधी नि आपण निघतो कधी अशा. तो तिथंच धोंड्याला हात लावून ओरडत राहिला. अहो, मोडायची होती त्या दिवशी! एक पाऊल टाकायचं होतं! पण नेमाचा माणूस नेमानंच मारला जातो, त्याला इलाज नाही.

"कोण ओरडतो तो?" साहेबांनी विचारलं.

"ढोरकी आहे," हिरालाल म्हणाला.

"गुरं इथं चारतो का?"

वासुदेवरावानं हिरालालकडं पाहिलं. हिरालालच्या जिभेवर सगळं होतं. साहेब, ही राखण आहे, दिवाळीनंतर या, मग पाहा. एवढंच बोलायचं होतं. त्यानं खाली तानबाकडं पाहिलं, मग गवताकडं पाहिलं आणि म्हणाला, "आता तं काई दिसत नाई, साहेब."

पटवाऱ्यानं लिहिलं, साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "मौका पाहणीच्या वेळी सदर जागेवर गुरे चरताना आढळली नाहीत. जागा विनावापर पडीक आहे." हिरालालनं सही केली. शेवटच्या अक्षराला पेन अडकला, तो त्यानं झटकून पुन्हा चालवला. खोटं काहीच नव्हतं त्यात. घरी जाताना रस्ताभर तो स्वतःला हेच सांगत होता.

दुसऱ्या सकाळी तानबा मागच्या दारी आला. "हिरा, काल काय होतं?" त्यानं विचारलं. हिरालालनं खरवड काढता काढता सांगितलं, खदान येते, गावाचं भलं आहे, खालचं बरड तुलेच आहे. तानबा पान हातात धरून उभा राहिला.

"तू होतास ना तिथी? तूनं सांगतलं नाई राखणीचं?"

"त्यायनं विचारलं, ढोरं दिसतेत का. नव्हती दिसत."

"नव्हतीच," तानबा म्हणाला. "मी येऊ कसा देईन?" त्यानं पान तसंच ओट्यावर ठेवलं आणि आखराकडं निघून गेला. त्या पानावर नंतर माश्या बसल्या. त्या दिवसापासून खरवड त्यानं कधी नेली नाही, आणि चारचौघांत असो की एकटा असो, हिरालालला शेटच म्हटलं.

बरं, ज्यासाठी हे केलं ते तरी हाती लागावं! हिरालालनं सहा बाकं करवून घेतली, पितळेची मोठी किटली आणली. क्रेशर सुरू झालं आणि ठेकेदाराचा भाचा पत्र्याचं खोपटं टाकून खदानीतच चहा विकू लागला. मजूर बाहेरगावचे, आपली चूल आपणच पेटवायचे. ट्रकवाले गिट्टी भरून धूळ उडवत दुकानासमोरून जायचे ते थांबायचेदेखील नाहीत. हिरालाल वासुदेवरावाकडं गेला तर तो म्हणतो कसा, "आता त्याचा भाचा आहे बावा. माणूस आपल्या भाच्याले टाकून तुले देईन का?" आणि पुन्हा गळ्यात हात! हिरालालच्या मनात आलं की तो हात पिरगाळावा. पण सरपंचाचा हात, तो तसाच गळ्यात राहिला.

वरचं बरड फुटू लागलं. सुरुंग उडाला की कढईतलं दूध थरथरायचं. पळस तोडून रस्ता केला. उरलेल्या पळसाच्या पानांवर अशी धूळ बसायची की सुलोचनाबाई पान धुऊन धुऊन थकली. धुतलेली पानं सुकता सुकता चिरायची. पत्रावळीतून वरण गळतं म्हणून लग्नघरांनी तिला सोडलं. नाल्यात खडीचा चुरा साचून शिंदी वाळली आणि डोमाजी फडे सोडून क्रेशरवर चौकीदार झाला. चार धोंडे होते ना शेंदराचे? ते रस्त्यात आले म्हणून उचलून मशीनमध्ये घातले. वाटेवर पांगली असेल आता त्यांची गिट्टी, जा शोधायला.

गाईंचं काय विचारता. खालचं गवत दिवाळीच्या आतच सरू लागलं. दिवाळीनंतर वर धुळीनं पांढऱ्या झालेल्या गवताला त्या तोंड लावत, शिंकत आणि मान फिरवत. गायगोधनाला वाजतगाजत न्यायचं कुठं, म्हणून तो सणही आखरावरच उरकला. लोकांनी गाई विकायला काढल्या. गोऱ्हे, बैल अल्लीपूरकडच्या लोकांनी नेले. दीडशेच्या साठ झाल्या, साठाच्या वीस. घरोघरी ढोर नाही तर ढोरक्याला भाकर कशाची? तानबा दारात उभा राहिला की बायका म्हणायच्या, "आमचं एकबी ढोर नाई आता, तानबाभाऊ." तो मान हलवून पुढच्या दारी जायचा.

हिरालालनं बाहेरून दूध आणलं. सरकी खाल्लेल्या म्हशीचं, पातळ, कुठून कुठून गोळा केलेलं. हात तेच, कढई तीच, सराटा तोच. एका सकाळी आर्वीच्या हलवायानं टोपली उघडली, चिमूटभर खोवा अंगठ्याखाली मळला, आणि टोपली परत सरकवली. हिरालाल परतीच्या गाडीत ती टोपली मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय आहे हो शेट?" तेव्हा तो म्हणाला, "काई नाई, घरचंच आहे." त्या दिवशी कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला की आपले हात म्हणजे नुसते हात होते.

घरी आल्यावर त्यानं कौशल्याबाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मी सांगतलं होतं" असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अर्ज करा."

अर्ज केला. चौऱ्याऐंशी साल उजाडलं होतं. सुलोचनाबाईनं अंगठा दिला, आणखी तीस-चाळीस लोकांनी दिला. डोमाजी क्रेशरचा नोकर, तो कसा देणार? तो रस्ता बदलून गेला. बरड हे गावच्या ढोरांचं, खदान बंद करून आम्हाला परत द्या, असं लिहिलं. उन्हाळा गेला, पाऊस आला आणि भादव्यात कागद आला की नवे साहेब मंगळवारी सकाळी पाहणीला येतात.

सोमवारी संध्याकाळी हिरालाल तानबाच्या घरी गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा. तानबा दारात दावं वळत बसला होता. गावची म्हणून सहा गाई उरल्या होत्या, त्या त्याच्याच अंगणात बांधलेल्या.

"तानबा, उद्या साहेब येते. ढोरं वर नेजो."

"कुठी वर?"

"वरच्या बरडावर. उत्तरेकडं गवत आहे अजून, तिकडं खदान गेली नाई."

तानबानं हातातलं दावं खाली ठेवलं. "भादवा हाय, शेट. राखण हाय."

"आता कायची राखण, लेका? धोंडे गेले, पळस गेले..."

"गवत तं हाय ना. मी नाई नेत भादव्यात तिकडं. अजूनबी नाई नेत."

सगळं गाव लुटलं गेलं आणि हा एकटा माणूस सहा उपाशी गाई घेऊन अजून राखण सांभाळत होता! हिरालाल तानबाच्या समोर मातीत बसला. धोतराची पर्वा केली नाही. "तान्या, तवा साहेबाले ढोरं दिसली नाई म्हणून बरड गेलं. माया तोंडानं गेलं. आता दिसली तं येईन वापस. एक दिवस. फक्त एक दिवस मोड. दंड बसला तं मी भरतो, गावभर कढई वाटतो. तुया पाया पडतो."

तानबानं खाली ठेवलेलं दावं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाला, "पाया काऊन पडतं? तू म्हणतं तं नेतो, हिरा."

हिरा म्हणाला तो. हिरालाल घरी आला आणि कौशल्याबाईला त्यानं आधी तेच सांगितलं, ढोरांचं नंतर.

मंगळवारी सकाळी साहेबांची जीप आली. सोबत वासुदेवराव आणि ठेकेदाराचा मुनीम. हिरालाल पुढं पुढं चालत होता. उत्तरेच्या उतारावर पोहोचले तर समोर सहा गाई कमरेएवढ्या पवन्यात माना घालून चरताहेत आणि तानबा काठी टेकून उभा. कधी नव्हे ते भादव्यातलं गवत त्यांच्या तोंडाला लागलं होतं. "पाहा साहेब!" हिरालाल जवळजवळ ओरडलाच. "पाहा, ढोरं चरून राह्यली!"

साहेब तरुण होते, नीट काम करणारे. त्यांनी फाईल उघडली. जुना कागद काढून वाचला. "'गुरे चरताना आढळली नाहीत. जागा विनावापर पडीक आहे.' ही सही तुमचीच ना?"

"हो साहेब. पण तवा राखण होती."

"राखण म्हणजे?"

हिरालालनं सांगितलं. जे पाच वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. रोहिणी, डहाळी, गायगोधन, बापाची कढई. साहेबांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "याची कुठं नोंद आहे? पंचायतीचा ठराव वगैरे?"

"लिवलं कायले राहीन साहेब? धोंडे होते चार."

"कुठं आहेत?"

हिरालालनं खाली क्रेशरकडं पाहिलं. मुनीम हसला.

"म्हणजे तुम्हीच सांगता की या महिन्यात गुरं इथं येत नाहीत," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, हिशेब जुळवावा तसं बोलत होते. "आणि आज आणली. म्हणजे मला दाखवायला आणली."

तेवढ्यात मुनिमानं कागद पुढं केला. ही सगळी जागा ठेकेदाराला वीस वर्षांच्या पट्ट्यानं दिलेली आहे, साहेब. इथं ढोरं घालणं म्हणजे घुसखोरी. आमची तक्रार लिहून घ्या. वासुदेवराव म्हणाला, "कायदा तं कायदा आहे बावा." साहेबांनी पट्टा वाचला, नकाशा पाहिला, आणि लिहायला बसले. वासुदेवरावानं सही केली. दुसरा पंच म्हणून कागद हिरालालसमोर आला. त्यानं वाचला. "ठेकेदाराच्या ताब्यातील जागेत सहा गुरे चरताना आढळली."

पेन त्यानं हातात घेतला. सगळी ताकद लावून त्यानं मान वर केली आणि तानबाकडं पाहिलं. तानबानं सगळं ऐकलं होतं. त्याचं तोंड शांत होतं, आणि तेच हिरालालला सोसवेना.

"करा सही, शेट," तानबा म्हणाला. "मांगंही खरंच लिवलं होतं, आताही खरंच हाय."

हिरालालनं सही केली.

गाई रोहण्याच्या कोंडवाड्यात न्यायच्या ठरल्या. डोमाजी क्रेशरची काठी घेऊन पुढं आला, खाली मान घालून, जुन्या शेजाऱ्याची ढोरं हाकायला. पण त्याला हाकावी लागली नाहीत. तानबा पुढं चालू लागला आणि सहाही गाई गवतातून माना काढून त्याच्या मागं निघाल्या, रोजच्यासारख्या, त्याच्या पावलात पाऊल टाकत. कोंडवाड्याच्या फाटकातूनही त्या तशाच आत गेल्या, असं मागून डोमाजी सांगत होता.

हिरालाल दुपारी घरी आला. भट्टी थंड होती. कौशल्याबाई उंबऱ्यात वाट पाहत उभी होती. "काय झालं?" तिनं विचारलं. "साहेबाले ढोरं दिसली?"

"दिसली," हिरालाल म्हणाला.